मेट्टी घालूनच या

चेन्नईहून परतले त्या दिवशी शेजारच्या वहिनींनी पहिला प्रश्न केला, "कांजीवरम आणलीस का गं?" मी नाही म्हणाले. "मग समुद्र तरी बघितलास?" तोही नीटसा बघितला नव्हता. "अगं, मग आठवडाभर केलंस काय तिथं?" बायकांचे पाय बघितले, हे उत्तर दारात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. म्हणून सवडीनं लिहायला बसले आहे.

आमचा कारखाना साताऱ्याच्या एमआयडीसीत. कारखान्यांत काम करणारी माणसं पायात घालतात ते सेफ्टी शूज आम्ही बनवतो. पुढे पंजावर आतून पोलादी टोपी असते, जड वस्तू पडली तरी बोटं वाचतात. मार्केटिंग माझ्याकडे. बायकांसाठी वेगळे बूट काढा, असा हट्ट काही वर्षांपूर्वी मीच धरला होता. पुरुषांचाच बूट लहान मापात देणं म्हणजे बायकांचा बूट नव्हे, हे मालकांना, शिर्केसाहेबांना, पटवायला मला बराच काळ लागला. लाइन सुरू झाली. शिवणारी सगळी मंडळी आसपासच्या गावांतल्या बायका. बूट चांगला होता. खपत मात्र नव्हता.

चेन्नईच्या आसपास बायकाच कामाला असलेले कारखाने भरपूर, म्हणून आदल्या वर्षी आमचा सेल्सचा हेमंत तिथल्या औद्योगिक सुरक्षेच्या प्रदर्शनात स्टॉल मांडून आला. टोपलीभर व्हिजिटिंग कार्डं घेऊन आला आणि ऑर्डर एकही नाही. यंदा शिर्केसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "वैशालीताई, एकदा तुम्ही स्वतः जाऊन या. पण हे शेवटचं. या खेपेला जमलं नाही, तर बायकांची लाइन बंद करू. मशिनं पुरुषांच्या बुटांना लावतो."

म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बायकांचं काम जाणार, हे दोघांनाही माहीत होतं.

जाण्याआधी मी हेमंतची टोपली मागून घेतली आणि कार्डावरच्या एकेकाला फोन लावत बसले. बहुतेकांना आमचा स्टॉल आठवतच नव्हता. एकाला आठवत होता तो आम्ही वाटलेल्या पेनामुळे. बोलता बोलता लक्षात आलं, की स्टॉलवर आले ते सगळे खरेदी खात्यातले पुरुष. बूट घालणारी बाई त्यांत एकही नाही. शेवटी मल्लिका नावाच्या एका सेफ्टी ऑफिसर मॅडम फोनवर भेटल्या. इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्या बायका बूट घेतात आणि पहिली संधी मिळताच काढून ठेवतात. कंपनी कुठलीही असो. का, ते मलासुद्धा सांगत नाहीत."

मी ठरवलं, प्रदर्शनाच्या चार दिवस आधी जायचं आणि ते 'का' शोधायचं.

एग्मोर

हेमंत आणि मी स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरलो. सकाळी नाश्त्याला गेलो तर हेमंतनं सवयीनं चहा मागितला. वेटरनं त्याच्याकडे अशा कणवेनं पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं कॉफी घेतली. पितळी वाटीत पेला काठोकाठ भरून ठेवलेला. तो उचलताच हेमंतची अर्धी कॉफी टेबलावर. पलीकडच्या आजोबांनी न बोलता आपला पेला उचलून दाखवला, उंचावरून धार धरून वाटीत ओतली, परत पेल्यात घेतली आणि मान हलवली. आपल्याकडे बशीत चहा ओतून पिणाऱ्याला लोक हसतात. इथे ओतण्याचीच ऐट. पोंगल मात्र घरच्यासारखा वाटला, आपल्या मुगाच्या खिचडीचा तूप प्यायलेला, मिरे खाल्लेला चुलतभाऊ.

"मॅडम, पेनं कुठून घ्यायची?" हेमंतनं विचारलं.

"पेनं नाही वाटायची."

त्यानं पेला खाली ठेवला. "पेनाशिवाय स्टॉल म्हणजे प्रसादाशिवाय देऊळ. कोण येईल?"

"ज्याला देव हवा तो येईल," मी म्हणाले.

वेस्ट मांबलम

मला तमिळ येत नाही. आमच्या ओळखीच्या एक बँकेतल्या बाई पूर्वी बदलीवर चेन्नईला होत्या. त्यांनी आपल्या तिथल्या शेजारणीचा पत्ता दिला होता. इंदिराक्का. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, अंबत्तूरच्या शाळेत जन्मभर तमिळ शिकवून निवृत्त झालेल्या. जिन्याच्या तोंडाशी तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोलम, नीट काढलेली, दारात जास्वंद, आणि आत लख्ख फरशीचं दोन खोल्यांचं घर.

"या, या. बसा. काय खातां?" त्यांच्या मराठीला तमिळची चाल होती, प्रत्येक वाक्य शेवटी जरा वर जाऊन उतरायचं. मी माझं काम सांगायला लागले तसा त्यांनी हात वर केला. "हळू, बाई, हळू. मज तुमचं मराठी कळतं, पण तुम्ही फार झपझप बोलतां. आमचं मराठी जुनं. कोठंही घाई नाही त्याला."

जेवायला रसवांगी होती. वांग्याची डाळ घातलेली दाट भाजी, चिंच आणि भाजलेलं खोबरं लावलेली. नाव ऐकून मी भरल्या वांग्याची वाट पाहत होते. निघालं भलतंच, आणि मी तीनदा वाढून घेतलं. हेमंतनं ठेचा आहे का विचारलं. अक्कांनी लोणच्याची बरणी पुढे केली आणि पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. सातारकराला मिरचीनं रडवल्याचा त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "अक्का, बायकांशी बोलायला माझ्याबरोबर याल का?"

"येतें की. माझ्या कितीएक विद्यार्थिनी तिथंच कारखान्यांत आहेत. मी पुसलं तर खोटं सांगायच्या नाहीत."

अंबत्तूर

खोटं त्यांनी सांगितलं नाही, पण खरंही सांगितलं नाही.

सकाळची पाळी दुपारी सुटायच्या वेळी आम्ही इंडस्ट्रियल इस्टेटच्या एका फाटकासमोर उभ्या राहिलो. बायकांचा लोंढा बाहेर आला. केसांत मोगरा, खांद्याला डब्याची पिशवी, पायात रबरी चपला. मी प्रश्नावली तयार करून आणली होती. अक्का वाचायच्या, बायका उत्तर द्यायच्या. बूट कसा आहे? "नल्ला इरुक्कु." छान आहे. जड वाटतो? "इल्लै." नाही. चावतो? "इल्लै." छान, छान, छान. बसेस येत होत्या, बायका चढत होत्या, आणि माझ्या पदरात काही पडत नव्हतं. उन्हानं डोकं ठणकायला लागलं.

"टीचरला वाईट कसं सांगायचं, म्हणून गोड बोलतात," अक्का वैतागून म्हणाल्या. "परीक्षेसारखं पुसूं नका तुम्ही."

मग मी प्रश्नावली पिशवीत टाकली आणि आमचा बूट बाहेर काढला. समोर सेल्वी नावाची, अक्कांची जुनी विद्यार्थिनी उभी होती. पॅकिंगच्या कामावर असलेली, तिशीची, हसरी. तिला म्हटलं, काही सांगू नकोस, नुसता घालून बघ.

ती बंद दुकानाच्या पायरीवर बसली. चपला काढल्या. आणि बुटाला हात लावायच्या आधी तिनं दोन्ही पायांच्या बोटांतली जोडवी ओढून काढली, रुमालात बांधली आणि पर्समध्ये टाकली. मग बूट घातला. हे सगळं इतकं सहज, जसं आपण पाणी पिण्याआधी पेला विसळतो.

"थांब," मी मराठीतच ओरडले. "ते का काढलं?"

सेल्वी गोंधळली. अक्कांनी विचारल्यावर म्हणाली, "मेट्टी ठेवून बूट कसा घालणार? दोन तासांत बोट कापल्यासारखं होतं."

एवढं ऐकलं मात्र, आणि भोवतीच्या बायका एकदम बोलायला लागल्या. अक्का भाषांतर करता करता दमल्या. एकीनं बूट घालायचा म्हणून मेट्टी काढली, ती हरवली. नवी घेईपर्यंत सासूपुढे पाय लुगड्यात लपवून वावरली. एकजण मेट्टी काढतच नाही, म्हणून तिच्या बोटाला कायमचा घट्टा. तिनं तो तिथेच रस्त्यावर दाखवला. "साहेबाला काय सांगणार?" ती म्हणाली. "पुरुषापुढे मेट्टीची गोष्ट कोण काढेल?"

मी खाली पाहिलं. माझ्याही पायात जोडवी होती, लग्नापासूनची. पण मी ऑफिसात सँडल घालते. आमचा बूट दिवसभर घालून मी कधी उभी राहिले नव्हते. आमच्या शिवणाऱ्या बायका तर चपला काढून मशिनवर बसतात. साताऱ्यात हे कुणाला कळणार होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेगळ्या फाटकाशी गेलो, कारण एका रस्त्यावरची गोष्ट म्हणजे गावाची गोष्ट नव्हे. बरं झालं गेलो. तिथे बहुतेक पोरी बिनलग्नाच्या. मेट्टीचा प्रश्नच नाही. त्यांना आमच्या बुटाचं रूप आवडलं नाही. "अण्णाचा बूट वाटतो," एकजण म्हणाली. अण्णा म्हणजे थोरला भाऊ. तेव्हा सगळ्यांना एकच औषध चालणार नाही, हेही कळलं. पण लग्न झालेल्यांचं दुखणं खरं होतं आणि त्यावर उपाय आमच्याच कारखान्यात फळीवर पडला होता. एका रद्द झालेल्या ऑर्डरसाठी केलेले, रुंद पंजाचे आणि उंच टोपीचे जोड.

मी तिथूनच शिर्केसाहेबांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे जोडव्यांमुळे?"

"जोडव्यांमुळे."

मग म्हणाले, "आमची ही पण पाय दुखतो म्हणते, बंद बूट घातले की." आणि संध्याकाळी पार्सल विमानानं निघालं.

राहिलेल्या वेळात अक्कांनी आपल्या मास्तरी आवाजात तमिळमध्ये एक निरोप बोलून दिला. तो आम्ही टोपलीतल्या सगळ्या नंबरांवर पाठवला: तुम्ही जरूर या, पण एकटे येऊ नका, जिच्या पायात बूट जाणार आहे तिला घेऊन या. आणि स्टॉलसाठी मोठा फलक करायला टाकला. त्यावर तमिळमध्ये एकच ओळ, 'मेट्टी घालूनच या.'

नंदंबाक्कम, पहिला दिवस

प्रदर्शनाच्या सकाळी फलक लागला. मी लांबून बघून खूश झाले. अक्का आल्या, वाचलं आणि मटकन बाकावर बसल्या.

"ऐयो! हे काय लिहिलं?"

तमिळमध्ये 'म' आणि 'प' सख्ख्या भावांसारखे दिसतात. छापणाऱ्यानं मेट्टीची पेट्टी केली होती. पेट्टी म्हणजे पेटी. आमचा दहा फुटी फलक तमाम चेन्नईला सांगत होता, पेटी घालूनच या.

हेमंतनं कपाळावर हात मारला. अक्का मात्र उठल्या, पदर खोचला, शेजारच्या स्टॉलवरून काळा मार्कर मागितला आणि खुर्चीवर चढल्या. आयुष्यभर पोरांची अक्षरं दुरुस्त केलेला हात. त्यांनी 'प'ला एक गोलाकार वळण दिलं, मागे सरकून पाहिलं, जरा जाड केलं. कुणाला शंकाही आली नसती.

स्टॉल आम्ही मोकळा ठेवला होता. टेबल नाही, पत्रकांची चळत नाही. एक ठेंगणं बाक, मापावार बूट, आणि चालायला एक पट्टा, अर्धा लोखंडी जाळीचा, अर्धा उताराचा. पण दुपार होत आली तरी कुणी आत पाऊल टाकेना. शेजारी टोप्या वाटत होते, तिथे गर्दी. पेनांची आठवण हेमंतच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती.

मी समोरच्या कॉफीच्या काउंटरपाशी जाऊन उभी राहिले आणि आपल्याच स्टॉलकडे परक्यासारखी बघायला लागले. लोक येत होते. फलक वाचून पावलं मंदावत होती, काहीजण हसतही होते. मग त्यांची नजर स्टॉलच्या तोंडाशी कोट घालून, हात मागे बांधून उभ्या असलेल्या हेमंतवर जायची, आणि ते पुढे सरकायचे. बायका तर नजर चुकवूनच जायच्या. मेट्टीचं बोलायचं आणि दारात हा बुवा!

मी परत आले. "हेमंत, कोट काढ आणि मागे जाऊन बूट मापावार लाव."

"हाकलताय का मॅडम?"

"हो."

तो हसला, आणि गेला. बाकाच्या कडेला अक्कांना बसवलं, पायातून चपला काढून, मेट्टी दिसतील अशा. थोड्याच वेळात दोन बायका थांबल्या. एकीनं अक्कांच्या पायाकडे बघितलं, मग फलकाकडे. अक्का म्हणाल्या, "वा, उक्कारु." ये, बस. ती बसली.

संध्याकाळपर्यंत बाकावर जागा राहिली नाही. एका खरेदीवाल्या साहेबांनी फलकाचा फोटो आपल्या कारखान्यातल्या सुपरवायझर बाईंना पाठवला आणि उत्तर वाचून आमच्याकडे बघत म्हणाले, "ती म्हणते, मी स्वतः येते, तुम्ही काही बोलू नका."

दुसरा दिवस

अकराच्या सुमाराला निळ्या साडीतल्या एक उंच बाई चार कामगार बायकांना घेऊन आल्या. फोनवरच्या मल्लिका मॅडम. "निरोप ऐकला," त्या म्हणाल्या. "घेऊन आले आहे, जिच्या पायात जाणार तिला." मग आवाज जरा कडक करून, "एक सांगते. आमच्या काही विभागांत अंगावर धातूच चालत नाही. तिथे मेट्टी काढावीच लागेल. पण पॅकिंगला चालते. तिथलं बघू."

चौघींत कलैयरसी नावाची एक बाई होती, चाळिशीची, कमी बोलणारी. बाकीच्या तिघी दोन फेऱ्या मारून छान म्हणाल्या. ही म्हणाली, "दोन फेऱ्यांत काय कळतं? माझी पाळी उभ्यानं असते. मी उभी राहते. मग सांगते."

आणि ती उभी राहिली. मेट्टीसकट बूट घालून, पट्ट्याच्या जाळीवर. आम्ही जेवून आलो, ती उभी. मल्लिका मॅडम सगळा हॉल फिरून आल्या, ती उभी. मधूनच उतारावर चढायची, उतरायची, पंजावर जोर द्यायची. लोकांना कुतूहल वाटलं. येणारे आम्हाला काही विचारेनात; सरळ तिलाच विचारायला लागले. ती हातवारे करून सांगायची. तिच्याभोवती इतकी गर्दी जमली, की शेजारचा टोप्या वाटणारा मनुष्य टोप्या सोडून बघायला आला. मी मात्र आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही तपासणीला इतकी घाबरले नव्हते.

शेवटी ती बाकावर बसली. गलका थांबला. तिनं डावा बूट काढला, मोजा काढला आणि पाऊल मल्लिका मॅडमच्या समोर धरलं. मॅडमनी खाली वाकून मेट्टी बाजूला सरकवली. बोटावर वळ नव्हता. साधा लालसर डागही नव्हता.

कलैयरसी काहीतरी म्हणाली आणि बायका टाळ्या पिटत हसल्या.

"काय म्हणाली?" मी अक्कांना विचारलं.

"म्हणते, माझ्या नवऱ्यापेक्षा बरा आहे. दिवसभर बरोबर राहिला आणि टोचला नाही."

तिनं दुसरा बूट काढलाच नाही. पहिला परत घातला, चपला पिशवीत टाकल्या आणि चालायला लागली. हेमंत हळूच म्हणाला, "मॅडम, नमुन्याचा जोड आहे तो." मी म्हटलं, जाऊ दे. ती त्या गर्दीतून, ताठ, आमच्या बुटात हॉलबाहेर पडली.

शेवटचा दिवस

मल्लिका मॅडम सकाळीच आल्या, त्यांच्या खरेदीप्रमुखांना घेऊन. पॅकिंगच्या सगळ्या बायकांसाठी रुंद पंजाचे बूट. तरुण मुलींसाठी हलका, वेगळ्या रंगाचा नमुना करून दाखवायचा. दुपारपर्यंत आणखी तीन कारखान्यांनी शब्द दिला. त्यांत फोटो पाठवणाऱ्या साहेबांचाही कारखाना होता. सुपरवायझर बाई बोलत होत्या आणि साहेब खरोखरच गप्प होते. सेल्वी सुट्टी काढून मैत्रिणींसह आली, आणि आपल्या मालकाला सांगायचं कसं, ते अक्कांकडून पाठ करून गेली.

मी साताऱ्याला फोन लावला. शिर्केसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थांबा, मला नका सांगू. तिकडे सांगा." आणि फोन घेऊन ते शिवण विभागात गेले. मशिनांचा आवाज आला, मग एकेक करून थांबला. मी पहिल्यापासून सांगितलं. पायरी, रुमाल, कलैयरसी. पलीकडे एकच कल्लोळ. कुणीतरी ओरडलं, "ताई, त्या मेट्टीला आपल्यात काय म्हणतात?" "जोडवी!" बाकीच्या सगळ्याच ओरडल्या. त्या गोंधळात साहेबांचा आवाज आला, "बंद करायची म्हणत होतो. आता दुसरी लाइन टाकावी लागेल हो."

मी फोन ठेवला आणि हॉलच्या मधोमध उभी राहून रडले. हेमंतनं रुमाल दिला. मग म्हणाला, "पेनं आणली असती तर ती उरली असती." एवढं त्याच्याकडून पुष्कळ झालं.

संध्याकाळी स्टॉल उतरवताना शेजारचा टोप्यावाला आला. मोठ्या कंपनीचा माणूस, सुटाबुटातला. माझ्याकडे न बघता सरळ अक्कांपुढे जाऊन हात जोडले आणि तमिळमध्ये बराच वेळ बोलला. पुढच्या वर्षी आमच्या स्टॉलवर बसाल का, असं तो विचारत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरूनच समजलं.

अक्कांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग पदर सारखा केला आणि मला कळावं म्हणून उत्तर मराठीत दिलं.

"नाही बा. मज वेळ कोठचा? मी आतां बूट विकतें."